आरशातला खडा

नदीकाठच्या एका गावात खडीसाखर करणारं एक घर होतं. आता तिथं ना भट्टी राहिली, ना ती माणसं. पण ज्यांनी ते दिवस पाहिले ते अजून सांगतात, की त्या आळीत शिरलं की पाऊल आपोआप हलकं पडायचं. कारण त्या घरात घंगाळ बसलेलं असायचं.

घंगाळ बसणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. साखरेचा पाक करायचा, दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची आणि निवळ पाक तांब्याच्या घंगाळात ओतायचा. आत दोरे सोडायचे. मग झाकण लावून, गोणपाटात गुंडाळून ते घंगाळ कोंड्यात पुरून ठेवायचं. पाक सावकाश निवायला हवा. नऊ दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. धक्का लागला तर खडे धरत नाहीत, नुसती भरड तळाशी बसते. म्हणून त्या नऊ दिवसांत घरात जातं फिरत नसे, उखळात मुसळ पडत नसे, झोपाळ्याच्या कड्या काढून ठेवत. दळण शेजारणी करून देत. वरात आली तर वाजंत्री त्या घराअलीकडं थांबत, मुकाट चालत पुढं जात आणि वळणावर पोचल्यावर पुन्हा वाजवायला लागत. कुणाला सांगावं लागत नसे. आज कोण कुणासाठी एवढं करतो, सांगा बरं.

त्या घराचा कर्ता होता सटवाजी हलवाई. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण पाकाची तार बघताना डोळ्याची पापणी लवायची नाही. बोलणं फार कमी. लोक थट्टेनं म्हणत, नऊ नऊ दिवस गप्प बसून याची जीभ घंगाळातच राहिली.

गावच्या देवीपुढं दरसाल दसऱ्याला साखरेचा खडा ठेवायचा मान या घराकडं होता. खडा एकच, पण मुठीएवढा. रेशमाच्या दोऱ्याला एक बारीक खडा बी म्हणून बांधायचा आणि महिनोन्महिने ताज्या पाकात सोडत राहायचं, तेव्हा कुठं तो तेवढा होई. वर्षभर तो देवीपुढं समईच्या उजेडात असे. पुढच्या घटस्थापनेला तो पुन्हा पाकात जाई. देवळाच्या ओवरीत घंगाळ बसे, नवमीला उघडे, आणि धुरानं, दमटपणानं मंदावलेला खडा लखलखीत होऊन बाहेर येई. मग तो फोडून गावभर प्रसाद वाटायचा, एक कपची पुढच्या सालाचं बी म्हणून घरी आणायची आणि देवीपुढं नवा खडा ठेवायचा. पाच पिढ्या हे असंच चाललं होतं. सटवाजीचे वडील म्हाळोजी जाताना एवढंच म्हणाले होते, "बी जपा." जमीनजुमला त्या घरात नव्हताच, जपायला तेवढंच होतं.

एका साली संस्थानात नव्या राणीसाहेब आल्या. मनानं चांगल्या, हातानं सढळ, पण त्यांना सगळं जोडीनं लागे. त्यांनी देवळाच्या दारात दोन दगडी हत्ती बसवले, एकमेकांकडं तोंड केलेले. दोन दीपमाळा उभारल्या. देवीच्या दोन अंगांना दोन मोर आले, दोन चवऱ्या आल्या. मग देवीपुढचा एकटा खडा त्यांच्या डोळ्याला खटकायला लागला. त्यांनी सटवाजीकडून दोन खडे करून घेतले, देवीच्या डाव्या-उजव्या हाताला ठेवले, चार पावलं मागं येऊन पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सटवाजी, हा एक देवीकडं बघतोय आणि दुसरा पाठ करून बसलाय," त्या म्हणाल्या. "दारातल्या हत्तींसारखी जोड करून द्या. दसऱ्याला अजून सहा महिने आहेत. तुमच्यानं झालं नाही तर ज्याच्यानं होईल त्याच्याकडं मान जाईल."

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय. एक खडा फिरवून ठेवला की झालं. तिथंच तर सगळी मेख आहे. साखरेचा खडा नीट वाढला की त्याचा माथा एका अंगाला उतरता होतो, आणि एका टोकाच्या कोपऱ्यांना तिरप्या छाटी येतात, गवंड्यानं विटेचे कोपरे तासावेत तशा. उतार आपल्याकडं करून खडा पाटावर ठेवला की सटवाजीच्या घरच्या प्रत्येक खड्याची छाट उजवीकडं. डावं टोक सरळ. छाटीचं टोक म्हणजे जणू खड्याचं तोंड, म्हणून डाव्या-उजव्या हाताला ठेवलेल्या दोघांतला एक पाठमोराच दिसायचा. खडा फिरवला तर छाट डावीकडं येते खरी, पण मग उतार मागं जातो. उताणा करा, पालथा करा, गणित जुळत नाही. उजव्या पायातली वहाण कशीही फिरवली तरी डाव्या पायात बसत नाही, त्यातलंच हे.

सटवाजीनं प्रयत्न सोडला नाही. दोरा खालून ताणून पाहिला. बी उलटं बांधून पाहिलं. पाक पातळ केला, घट्ट केला. त्याची सून गोदा मोठी हुशार, तिनं घंगाळ उघडल्यावर खड्यासमोर आरसा धरला. आरशात डाव्या छाटीचा खडा अगदी स्वच्छ दिसला.

"मामंजी, हा बघा, आला," ती म्हणाली.

"आला खरा," सटवाजी म्हणाला. "आता हातात दे."

दोघंही हसले. पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

मग त्यानं घरातलं खडीसाखरेचं पोतंच पाटावर ओतलं आणि तीन दिवस एकेक खडा उचलून पाहिला. मोठे पाहिले, मुगाएवढे पाहिले. एक म्हणून डावा निघाला नाही. तेव्हा त्याला वडिलांचं बोलणं आठवलं. म्हाळोजी सांगायचे, "मिठाचा खडा दोन्हीकडून सारखा. तुरटीचाही सारखा. आरशात धरला तरी तोच दिसतो. साखरेचं तसं नाही रे. उसानंच तिला एका हाताची करून पाठवलंय. आपण नुसतं वाढवायचं." लहानपणी हे ऐकताना सटवाजीला जांभया यायच्या. आता पाटासमोर बसून त्याला वाटलं, बाबा आणखी थोडं बोलले असते तर बरं झालं असतं.

भाद्रपद लागला. गोदा एक दिवस कानस घेऊन आली आणि हळूच त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "मामंजी, उजवा कोपरा घासून सरळ करायचा, डावीकडं छाट पाडायची, वर ओलं फडकं फिरवायचं. राणीसाहेबांना कळायचं नाही."

"आणि पुढच्या नवरात्रात? पाकात गेल्यावर?"

"घंगाळ तुमच्याच हातचं. घटकाभर बुडवा आणि काढा. झाकणाखाली कोण बघतंय?" मग तिचा आवाज खाली आला. "पाच पिढ्यांचा मान आहे. तुमच्या हयातीत गेला तर मला बघवायचं नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. तिला त्याचीच काळजी होती. सटवाजीनं कानस उचलली. कोपऱ्यावर एकदा ओढली. पांढरी भुकटी धोतरावर पडली. आणि त्या करकर आवाजासरशी बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वीची एक दुपार त्याच्यापुढं उभी राहिली.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शेजारचा हैबती त्याच्याच वयाचा. दोघं एका ताटात जेवायचे, एका गोधडीत निजायचे, भट्टीपुढं बसून कढईची खरवड चाटायचे. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं आणि देवीचा खडा पाटावर होता. हैबतीला राहवलं नाही. त्यानं खडा उचलून दातानं कोपरा फोडला. मग दोघांची पाचावर धारण बसली. म्हाळोजी आले, त्यांनी खड्यावरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, दोन्ही पोरांची तोंडं पाहिली. कुणी फोडला हे त्यांनी विचारलंच नाही. खडा दोऱ्याला बांधला, पाकात सोडला आणि झाकण लावून म्हणाले, "तो कसा आहे हे त्याचं त्याला ठाऊक आहे. आपण गप्प बसायचं, एवढंच आपलं काम."

पोरं कधी नव्हे ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी हैबतीच्या बापानं बिऱ्हाड हलवलं आणि ते लोक पेठेच्या गावी निघून गेले. नवव्या दिवशी झाकण उघडलं. फुटलेला कोपरा जिथल्या तिथं आला होता, छाटीसकट, जसाच्या तसा. सटवाजी आनंदानं उडी मारून वळला, तर शेजारी हैबती नव्हता. एवढी मोठी गंमत, आणि दाखवायला माणूस नाही. त्याला त्या दिवशी रडू आलं होतं.

त्यानं कानस खाली ठेवली.

"गोदे," तो म्हणाला, "या घरात मी कोपरा परत येताना पाहिलाय. तो मी घासून घालवू? नाही व्हायचं माझ्यानं."

दुसऱ्याच दिवशी तो एकच खडा घेऊन राणीसाहेबांपुढं उभा राहिला. म्हणाला, "जोड होत नाही. साखरेत ती नाहीच. आरशात दिसते, हातात येत नाही." राणीसाहेबांना वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. त्यांनी दवंडी पिटवली. आणि चौथ्या दिवशी पेठेतून एक जण विडा उचलायला आला. हैबती.

हैबतीचं पेठेत मोठं दुकान होतं. तिथं मोठाल्या हंड्यांत महिनोन्महिने न हलवता मुठीएवढे खडे वाढायचे, पण ते हातोडीनं फोडून विकायचे. बी राखणं, तोच खडा पुन्हा पाकात सोडणं, हा प्रकार त्या दुकानात कुणाला माहीतच नव्हता. दर खेपेला नवा दोरा, नवा पाक. हाताला मात्र विलक्षण सफाई. दसऱ्याला त्यानं जोड आणली. देवीच्या दोन बाजूंना दोन खडे, दोघंही देवीकडं बघणारे. छाट इतकी सुबक की खुद्द सटवाजीही क्षणभर फसला. मग त्यानं डाव्या खड्यावर समईचा उजेड कसा पडतो ते पाहिलं. घासलेल्या अंगावर उजेड जरासा फिका पडत होता. सटवाजी पाया पडला आणि घरी आला. मान गेला. त्या साली दसऱ्याला त्याच्या दारात सोनं द्यायला आलेली माणसंसुद्धा ओशाळून उभी होती.

ते वर्ष त्या घराला फार जड गेलं. घंगाळ बसायचं, घर गप्प व्हायचं, पण पूर्वीची शांतता आणि ही शांतता यांत फरक होता. गोदा शेजाऱ्यांपुढं बोलायची, "मामंजींनी मनात आणलं असतं तर..." सटवाजी तिच्याकडं बघायचा आणि ती पुढचं वाक्य गिळायची.

पुन्हा घटस्थापना आली. रीतीप्रमाणे दोन्ही खडे पाकात जायचे होते. हैबतीनं ठरवलं, हा सोहळा थाटात करायचा. झाकणावर राणीसाहेबांची मोहर लावून घ्यायची, म्हणजे नऊ दिवस कुणी हात लावला असं म्हणायला नको. त्याची समजूत अशी, की खडे पाकात गेले की आहेत तसेच जरा जाड होतील. ज्यानं जन्मभर खडे फोडून विकले त्याला दुसरं काय सुचणार.

आदल्या दिवशी संध्याकाळी सटवाजी स्वतः होऊन ओवरीत गेला. हैबती पाक गाळत होता. इतक्या वर्षांनी दोघं पहिल्यांदाच असे समोरासमोर आले.

सटवाजी म्हणाला, "हैबती, ते पाकात सोडू नकोस. राणीसाहेबांना आजच खरं सांग. मी येतो बरोबर."

हैबतीनं गाळणं खाली ठेवलं. "मान गेला म्हणून पोटात दुखतंय होय?"

"दुखतंय तर. खोटं कशाला बोलू," सटवाजी म्हणाला. "पण आलोय तुझ्यासाठी. तू दातानं फोडलेला कोपरा आठवतो का? तो नवव्या दिवशी परत आला होता. तू बघायला राहिला नाहीस."

"पोरवयातल्या गोष्टी काढून मला भिववू नकोस, सटवा," हैबती म्हणाला आणि पुन्हा गाळायला लागला. सटवाजी मग सावकाश पायऱ्या उतरून घरी आला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही खडे पाकात गेले. मोहर लागली. नऊ दिवस गावानं आपली रीत पाळली. देवळातली घंटा कुणी जोरानं वाजवली नाही.

नवमीला राणीसाहेब आल्या, सगळा गाव जमला. मोहर फुटली, झाकण निघालं. हैबतीनं एका हातानं एक दोरा वर घेतला, दुसऱ्या हातानं दुसरा. दोन्ही खडे स्वच्छ धुऊन पाटावर ठेवले. काचेसारखे लखलखीत, आधीपेक्षा मोठे. आणि दोन्हींची छाट उजवीकडं.

ज्या डाव्या खड्याला त्यानं महिनाभर खपून घडवलं होतं, त्यावरची कानशीची एक खूण शिल्लक नव्हती. खोटी छाट पाकाखाली बुडून गेली होती आणि खरी आपल्या जागी परत आली होती. हैबतीनं खडा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. मग तो पाटावर ठेवून मागं सरला.

राणीसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्या सटवाजीकडं वळल्या. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं, राणीसाहेब."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"माझा मान गेलेला. मी बोललो असतो तर कुणाला खरं वाटलं असतं?" सटवाजी म्हणाला. "खडा बोलेल हे माहीत होतं. म्हणून थांबलो."

"आणि या माणसाचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

हैबती मान खाली घालून उभा होता. एवढ्या माणसांत तो एकदम आठ वर्षांचा दिसायला लागला. सटवाजी पुढं झाला. त्यानं दोन्ही खडे उचलले, एक उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "एवढे निर्मळ खडे माझ्या हातूनही कधी झाले नाहीत. वाढवणारा खरा आहे. घासणारा तेवढा चुकला." मग हैबतीकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "बघितलास ना कोपरा? मला हे तुला तेव्हाच दाखवायचं होतं रे. तू निघून गेलास."

हैबतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्या गावादेखत तो राणीसाहेबांपुढं वाकला आणि म्हणाला, "चूक झाली. मी कानस लावली होती." एवढं बोलायला त्याला एक वर्ष लागलं.

राणीसाहेब मोठ्या मनाच्या होत्या. त्या वेळपर्यंत त्यांचा रागही निवला असावा. त्यांनी प्रसादाला एक खडा फोडायला लावला आणि दुसरा स्वतःच्या हातानं उचलून देवीसमोर, अगदी मधोमध ठेवला. म्हणाल्या, "हत्ती दोन असू देत. हा एकटाच शोभतो." मान पुन्हा सटवाजीच्या घरी आला.

त्या फुटलेल्या खड्याची एक कपची सटवाजीनं बी म्हणून घरी नेली. घासलेल्याची होती की न घासलेल्याची, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. पुढं दरसाल नवरात्रात त्या घरी दोन म्हातारे कोंड्यातल्या घंगाळाजवळ पाट टाकून बसलेले दिसत. बोलत नसत. घर गप्प, आळी गप्प. मधूनच एकाला हसू यायचं, मग दुसऱ्याला, आणि गोदा आतून बोटानं "शू" करायची. नवव्या दिवशी झाकण काढायला सटवाजी पुढं व्हायचा आणि उघडायच्या आधी न चुकता शेजारी बघून घ्यायचा. हैबती तिथं असायचा.

ती आळी अजून आहे. तिथून आता फटफट्या जातात, कर्णे वाजतात. आवाज करू नका, असं सांगणारं कुणी उरलं नाही, आणि ज्याच्यासाठी सांगायचं ते घंगाळही नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: वरून घासून आणलेला आकार कोरड्यात काही दिवस टिकतो, पण वाढायची वेळ आली की जो तो आपल्या मूळ घडणीवर येतो. म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांना जुळेल असं दिसण्यासाठी स्वतःला कानस लावू नये. आणि ज्यानं लावली असेल त्याला परत पाकात जागा द्यावी, त्याचा खरा कोपरा अजून आत असतो.